सात दिवसांची मिरची

मी काय काम करतो हे घरात कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे. एकदा मेहुण्याला सांगायला गेलो तर दुसऱ्या वाक्यालाच त्याचे डोळे मिटायला लागले. पण धावडा गावात जे झालं ते या कामातूनच झालं, त्यामुळे थोडं सहन करावं लागेल. मी तेवीस वर्षं सहन करतोय.

जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मी प्रोग्रामर आहे. एकुलता एक. त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मला हाक, मॅनेजरच्या मोबाइलवरचे फोटो गायब झाले तरी मला हाक. या सगळ्यातून जो वेळ उरतो त्यात मी प्रयोगशाळेचा प्रोग्राम सांभाळतो. प्रयोगशाळा म्हणजे फार काही नाही. ओल्या कागदावर शंभर-शंभर बिया मांडायच्या, ते ट्रे उबदार कपाटात ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी बाहेर काढून किती उगवल्या ते मोजायचं. पुरेशा उगवल्या तर तो लॉट, म्हणजे त्या खेपेचं सगळं बी, पास. नाही तर नापास. नापास बी कोणी चुकून पेरू नये म्हणून कंपनी ते मागच्या खड्ड्यात चुना टाकून पुरते.

प्रत्येक पिकाची चाल वेगळी असते. बाजरी आणि मका सात दिवसांत काय तो निकाल देऊन मोकळे होतात. मिरची आळशी. तिला चौदा दिवस द्यावे लागतात.

ही मोजणी करतात आपा. आमच्या कंपनीत माझ्याही आधीपासून आहेत. चष्म्याला दोरी, हातात चिमटा, आणि तोंडात सतत काहीतरी पुटपुटणं. घरी उर्दू, आमच्याशी मराठी, आणि बियांशी कोणत्या भाषेत बोलतात ते देव जाणे. पूर्वी त्या ट्रेच्या कडेला खडूनं तारखा लिहीत. मी प्रोग्राम आणला आणि खडू बंद करवला. एकदा खडूच्या तारखेवरून त्यांनी भलत्याच ट्रेची मोजणी भरली होती आणि ते निस्तरण्यात माझे दोन दिवस गेले होते. तेव्हा मी जरा जास्तच बोललो होतो. तेव्हापासून स्क्रीन सांगेल तो ट्रे, स्क्रीन सांगेल त्या दिवशी, असा नियम झाला.

आता तो प्रोग्राम. मी तो सी प्लस प्लस या भाषेत लिहिला. त्या भाषेत एक सोय आहे, टेम्प्लेट, म्हणजे साचा. मजकूर एकदाच लिहायचा आणि त्यात पिकाची जागा रिकामी सोडायची. मग कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम, त्या साच्यातून बाजरीचा एक, मक्याचा एक, मिरचीचा एक असे वेगवेगळे नमुने पाडतो. हे सगळं काम सुरू व्हायच्या आधीच ठरून जातं. अडचण अशी की एका साच्यातून निघूनही हे नमुने एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना एका यादीत बसवता येत नाही. आणि मला तर यादीच हवी होती, आज कपाटात कोणकोणते ट्रे आहेत त्यांची.

तिथं दुसरी सोय मदतीला येते. सगळ्या नमुन्यांना एक सामाईक पूर्वज द्यायचा. मी त्याचं नाव नुसतं ‘चाचणी’ ठेवलं. त्या पूर्वजाला फक्त प्रश्न माहीत असतो, किती दिवस? उत्तर त्याच्याकडं नसतं, ते ज्याचं त्यानं द्यायचं. यादी सगळ्यांना ‘चाचणी’ म्हणूनच हाक मारते आणि त्या क्षणी समोर जो असेल तो आपलं उत्तर देतो. बाजरी म्हणते सात, मिरची म्हणते चौदा. साचा आधी ठरवून टाकणारा आणि ही हाक ऐन वेळी ठरणारी. दोघांना एका घरात नांदवलं की काम फार देखणं होतं. पथ्य एकच, यादीत नमुन्याची वस्तूच ठेवायची नाही, ती कुठं आहे तो पत्ता ठेवायचा. प्रोग्राम पहिल्यांदा नीट चालला त्या दिवशी मी एकटाच कोपऱ्यावर जाऊन भजी खाऊन आलो. सांगणार कुणाला?

गेल्या दिवाळीनंतर कंपनीनं नवी पिकं घ्यायला सुरुवात केली. आज दोडका, उद्या कोथिंबीर, परवा आणखी काही. मॅनेजर नाव सांगून जायचा, पण त्या पिकाला किती दिवस द्यायचे हे ठरलेलं नसायचं. आणि उत्तर रिकामं ठेवलं की कंपायलर अडून बसायचा. रोज तेच. शेवटी वैतागून मी पूर्वजालाच एक उत्तर देऊन टाकलं. सात. आमच्याकडचा निम्म्याहून जास्त माल बाजरी-मक्याचा, म्हणून सात. ज्याला स्वतःचं उत्तर नसेल त्यानं सात म्हणावं आणि मला सोडावं.

पुढं दोन आठवड्यांनी प्रोग्राम दिवसातून दोनदा बंद पडायला लागला. मोजून झालेले ट्रे निघून जायचे, त्यांचे पत्ते मात्र यादीत मागं राहायचे, आणि प्रोग्राम त्या रिकाम्या पत्त्यावर जाऊन तोंडावर आपटायचा. याचा नीट इलाज होता. दोन दिवसांचं काम होतं. पण दुपारची वेळ, जेवण अंगावर आलेलं, आणि मॅनेजर दारात उभा राहून “झालं का? झालं का?” करत होता. मी म्हटलं, पत्त्यांची भानगडच नको. यादीत वस्तूच ठेवू. जाऊ दे. कंपायलरनं चकार शब्द काढला नाही. प्रोग्राम पुन्हा बंद पडला नाही. मॅनेजरनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी ती घेतली.

संक्रांतीनंतर हंगामातला मिरचीचा पहिला लॉट आला. आठवडाभरानं आपा माझ्या खोलीत आल्या. मी तेव्हा टेबलाखाली होतो, प्रिंटरची वायर हातात.

“सर, ह्यो कम्प्युटर मिरचीचा ट्रे आजच काढाया सांगून राह्यला. आखरी मोजनी म्हंतो.”

“मग काढा.”

“मिरची इतकी जल्दी न्हाई उगत, सर. बिलकुल न्हाई.”

“आपा, स्क्रीनवर येतं तेच करा. स्वतःचं डोकं लावू नका.”

हे मी टेबलाखालून बोललो. त्यांचे पाय तेवढे दिसत होते. “बराबर,” त्या म्हणाल्या आणि पाय निघून गेले. शंभरात एक्केचाळीस उगवल्या होत्या. त्यांनी एक्केचाळीस भरले. प्रोग्रामनं लॉट नापास करून बंद केला आणि ट्रे धुवायला गेला.

तो लॉट धावड्याच्या एका बाईंचा होता. शेडनेटखाली त्या कंपनीसाठी संकरित मिरचीचं बी तयार करत. हे काम बघितलं नाही त्याला कळणार नाही. फूल उमलायच्या आत चिमट्यानं त्यातला नराचा भाग काढून टाकायचा, दुसऱ्या झाडाचा पराग आणून त्याला लावायचा आणि ओळखीसाठी देठाला रंगीत दोरा बांधायचा. एकेक फूल. दोन महिने रोज सकाळी. त्यांच्या हाताखाली गावातल्या चार बाया होत्या, त्यांनीच शिकवलेल्या. दर वर्षी सगळ्यांच्या आधी त्यांचा माल येई आणि त्याचा त्यांना अभिमान होता. यंदाही त्या पहिल्या आल्या, म्हणून माझ्या तडाख्यातही पहिल्या सापडल्या.

निकाल कळल्यावर त्या जालन्याला आल्या. प्रयोगशाळेच्या बाहेर उभ्या होत्या, पदर खोचलेला.

“साहेब, माझं बी खराब न्हाई. म्या सोता वाळिवलंय, सोता निवडलंय. परत बघा.”

“कॉम्प्युटरनं दिलेला निकाल आहे, ताई,” मी म्हणालो. “तरी परत लावतो.”

परत लावलं. त्याच प्रोग्राममध्ये, दुसरं कुठं लावणार? सातव्या दिवशी अडतीस उगवल्या.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. बाकावर बसल्या. चपलेनं फरशीवरची वाळू पुढं-मागं करत म्हणाल्या, “सासू पहिल्यापासून म्हंती, हिच्या हाताला गुण न्हाई. आजपत्तुर म्या आयकून घेतलं न्हाई. आता तिला काय सांगू? आन् त्या चौघींला गाव म्हनून राह्यलं, फुलं सोडून झोपत व्हत्या म्हनून. तुमीच सांगा, कुठं चुकलं?”

मी म्हणालो, “हवामानाचंही कारण असू शकतं.” मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटणं आणि शंका येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंका मला आली नाही. तेवीस वर्षं यंत्राच्या चुका काढणाऱ्या माणसाला त्या बाकावर बसलेल्या बाईच्या हातात चूक दिसली, स्वतःच्या नाही.

त्याच आठवड्यात बी खड्ड्यात गेलं. पुढच्या हंगामासाठी ज्यांना काम द्यायचं त्यांच्या यादीतून त्यांचं नाव कापलं गेलं.

महाशिवरात्र होऊन गेली असेल. एका सकाळी आपांनी माझ्या टेबलावर, बरोबर कीबोर्डवर, स्टीलचा डबा आणून ठेवला. मला वाटलं शिरखुर्मा वगैरे काही आहे. झाकण काढलं तर आत ओलं फडकं आणि फडक्यावर हिरवे कोंब, दाटीवाटीनं.

“मोजा, सर.”

“हे काय आहे?”

“धावड्याच्या बाईचं बी. कपाटात नमुन्याची पुडी व्हती, ती पन खड्ड्यात टाकाया दिल्ती. त्यातले शंभर दाने म्या घरी नेले. आज चौदा दिस झाले. मोजा.”

“तुम्हीच सांगा ना किती आहेत.”

“न्हाई. म्या डोकं लावायचं न्हाई. तुमी मोजा.”

मी मोजले. एक्क्याण्णव. पुन्हा मोजले, एक्क्याण्णव. आपा चष्मा पुसत उभ्या होत्या. सातव्या दिवशी किती होते, मी विचारलं. “चाळीस,” त्या म्हणाल्या. आणि मग, “आता त्या बाईला कोन सांगनार?”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला चूक सापडली. सापडली म्हणजे काय, ती उघड्यावरच पडलेली होती. यादीतल्या पूर्वजाच्या मापाच्या जागेत मिरचीचा नमुना बसवायला गेलं की त्याचा स्वतःचा भाग बाहेर राहतो आणि कापला जातो. उरतो तेवढा पूर्वज. मग ‘किती दिवस?’ म्हणून हाक मारली की मिरची बोलत नाही, कारण आत मिरची राहिलेलीच नसते. पूर्वज बोलतो, आणि पूर्वजाला मी सात शिकवलं होतं. ते उत्तर मी रिकामं ठेवलं असतं तर कंपायलरनं वस्तू यादीत ठेवूच दिली नसती, तिथल्या तिथं हात धरला असता. त्याचं तोंड मीच बंद केलं होतं, आधी एकदा कंटाळून आणि मग पुन्हा एकदा कंटाळून. बाजरी-मक्याचं उत्तर सातच असल्यानं कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. ज्यांच्या लक्षात आलं त्यांना मी टेबलाखालून गप्प केलं होतं.

मॅनेजरला जाऊन सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. तो वाईट माणूस नाही. तोही थकलेलाच असतो.

“दुरुस्त झालं ना आता?”

“दोन दिवस लागतील.”

“मग करा. पुढचे मिरचीचे लॉट येताहेत. आणि त्या बाईंना पत्र-बित्र काही पाठवू नका. कोणी विचारलं तर मशीनचा प्रॉब्लेम होता म्हणा.”

“बाईंचं नाव यादीत परत—”

“यादी वर गेली. पुढच्या वर्षी बघू.”

मी ‘हो’ म्हणून बाहेर आलो. तिथं बाणेदार काहीतरी बोलता आलं असतं, नंतर बरंच सुचलंही. दोन दिवस बसून काम नीट केलं. पूर्वजाचं उत्तर पुसलं, पत्ते परत आणले, मागं राहणाऱ्या पत्त्यांची सोय लावली. आपांना दाखवायला नेलं. मिरचीपुढं चौदा आले. त्यांनी स्क्रीनकडं पाहिलं आणि विचारलं, “गेल्ता का धावड्याला?”

रविवारी निघालो. आपांनी डबा माझ्याबरोबर दिला. “तुमच्या नुसत्या बोलन्यावर कोन भरोसा ठेवल?” म्हणाल्या. मी तो पिशवीत घालून मोटारसायकलच्या हँडलला अडकवला. वाटेत केदारखेड्याला चहाला थांबलो आणि तिथं परत फिरायचा विचार पक्का झाला. बी तर पुरलं गेलंय. नाव तर कापलं गेलंय. आता जाऊन मी काय देणार होतो? चहावाल्यानं डब्याकडं बघून विचारलं, “पाहुन्याकडं चाल्ले का?” मी हो म्हणालो. बोलून बसल्यावर परत फिरणं जमेना.

बाईंचं शेडनेट उतरवलेलं होतं. नुसते लोखंडी पाइप उभे होते आणि खाली मेथी लावलेली. त्या तिथंच खुरपत होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. साचा आणि पूर्वज यातलं काही सांगितलं नाही. मिरचीला चौदा दिवस द्यायचे होते, माझ्या चुकीनं सात दिले गेले, दोन्ही वेळा, एवढंच. डबा उघडून दाखवला. कोंब आता जरा माना टाकायला लागले होते.

त्यांनी डबा हातात घेतला. बोटानं एक कोंब सरळ केला.

“म्हंजे माझं बी चांगलं व्हतं.”

“हो.”

“मला ठावं व्हतं,” त्या म्हणाल्या. “पन मला एकलीला ठावं असून काय करायचं?”

मी माफी मागत होतो, ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. खुरपं बांधावर ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि डबा घेऊन चालायला लागल्या. दहा पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, “चला ना. मला सांगून काय उपेग?”

त्या चौघी बाया दुसऱ्या एकाच्या रानात गहू काढत होत्या. मला वाटलं सगळ्यांना एकदम सांगून मोकळं व्हावं. बाईंनी ते चालू दिलं नाही. “एकेकीला सांगा,” म्हणाल्या. तशा चौघी अंतरावर होत्या. मी धसकटांतून एकीकडून दुसरीकडं गेलो आणि चार वेळा तेच वाक्य बोललो. पहिली हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दुसरीनं विळा थांबवला नाही की वर बघितलं नाही. तिसरी म्हणाली, “माज्या नवऱ्यानं दीड म्हयना टोमणे मारले, ते कोन वापस घेनार?” चौथी, वयानं सगळ्यांत मोठी, तिनं फक्त विचारलं, “मंग माजा एक बी दोरा सुटला न्हवता?” नाही, मी म्हणालो, एकही नाही. तिनं मान हलवली आणि पुन्हा विळा चालवायला लागली. वाक्य तेच होतं. ज्याचं उत्तर त्यानं द्यायचं असतं हे मला इतकी वर्षं यंत्रापुरतंच माहीत होतं.

मला वाटलं झालं. पण बाई गावाकडं वळल्या. घराच्या ओट्यावर त्यांच्या सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

“ह्यांला सांगा आता,” बाई म्हणाल्या. “कमी आयकू येतं. जोरात सांगा.”

मी सांगितलं. “आं?” म्हातारी म्हणाली. मी आवाज चढवला. शेजारच्या दारात दोघं-तिघं येऊन उभे राहिले, समोरच्या किराणा दुकानातला माणूस बाहेर आला. जालना, कंपनी, चौदा दिवस, सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारीनं कानाला हात लावून ऐकलं आणि सुनेला विचारलं, “कोन चुकलं म्हंतो ह्यो?”

डबा दोन्ही हातांत धरून सून माझ्याकडं बघत राहिली.

“मी!” मी ओरडलो. “मी चुकलो! हिचं बी चांगलं होतं!”

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग डब्यातल्या कोंबांकडं पाहिलं. मांडीवरच्या शेंगा तिनं सुपात टाकल्या आणि बाजूला सरकून सुनेला ओट्यावर बसायला जागा करून दिली.